भाकर थंडी होऊन रायली

आमच्या घरातला कॉम्प्युटर सुरू केला की त्यातून माझी आई ओरडायची. दुसऱ्यांच्या घरी म्हणे तो नुसता टिणटिण वाजायचा. आमच्याकडे आधी घरघर व्हायची, मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावायची, मग निळं आभाळ यायचं आणि मग एकदम दणदणीत आवाज, "मंदे वंऽऽ! कुठी गेली वं? ये ना लवकर, भाकर थंडी होऊन रायली!" मंदा म्हणजे मी. स्वयंपाकघरात असले तर हातातली पळी तशीच धरून मी म्हणायची, "आली वं!" म्हटल्यावर लक्षात यायचं की आई इथे नाहीच, ती तिकडे वऱ्हाडात, आपल्या घरी आहे, आणि मी यमुनेच्या पलीकडे मयूर विहारात तिसऱ्या मजल्यावर. रोज फसायची मी, आणि मला फसायला आवडायचं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ सुधाकर. तो नोकरी लागून दिल्लीला गेला तेव्हा मी परकरात होते. पहिल्यांदा ते लोक आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. मग त्याने सोसायटीत नाव घालून ठेवलेला फ्लॅट तयार झाला, त्याच सुमाराला वहिनींनाही नोकरी लागली, आणि त्यांची मिनू शाळेतून आल्यावर तिला बघायला घरचं माणूस हवं म्हणून दादा मला घेऊन आला. माझी शाळा चौथीलाच संपली होती, कारण गावात पुढचा वर्ग नव्हता आणि पुढच्या गावाला जायला ओढा होता. दिल्लीला येताना आईने मला ज्वारीच्या पिठाची पिशवी, ठेचा आणि मूगवड्या दिल्या आणि दादाला बजावून सांगितलं, "हिच्याशी बोलत जाय रे बाबू. हे पोट्टी काही सोताहून बोलाची नाही. हिचा आवाज माह्या पोटातच रायला."

हे आईचं नेहमीचं वाक्य. मी जन्मले तेव्हाही म्हणे रडले नव्हते, सुईणीने पाठ थोपटून थोपटून कसाबसा एक हुंदका काढला. आईचा आवाज मात्र असा की ती शेताच्या या बांधावरून बोलली तर त्या टोकाची माणसं उत्तर द्यायची. तिच्या पोटी मी अशी कशी, हे तिला कधी कळलं नाही. मलाही नाही. बोलावंसं वाटायचं, वाक्य मनात तयार असायचं, पण ते ओठांपर्यंत येईस्तोवर समोरचं माणूस दुसऱ्या विषयावर गेलेलं असायचं.

मयूर विहार तेव्हा अर्धंच बांधलेलं होतं. आमची सोसायटी उभी होती, शेजारची उभी राहत होती आणि पलीकडे नुसती धूळ. सकाळी चार्टर्ड बसच्या भोंग्यांनी सुरुवात व्हायची. साहेबलोक डबे घेऊन पळायचे. मग भाजीचा ठेला, मग कबाडीवाला, मग दुपारभर कुणाच्या तरी घरात फरशी घासायच्या मशीनचा आवाज. पण खरा आवाज संध्याकाळचा. खालच्या बागेत पोरं खेळायची आणि अंधारायला लागलं की प्रत्येक बाल्कनीत एकेक आई उभी राहायची. "चिंटूऽऽ!" "गोलूऽऽ, ऊपर आ, नहीं तो मैं आ रही हूँ!" पंजाबी, बंगाली, मद्रासी, सगळ्या भाषांमधून नावं खाली पडायची आणि पोरं कुरकुरत वर यायची. कुठलं पोर कुठल्या आवाजाचं हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. मिनूला मात्र कधी हाक आली नाही. मी आपली गॅस बंद करायची, पदर नीट करायची, तीन मजले उतरायची आणि बागेच्या कडेला गुपचूप उभी राहायची. कधीतरी तिचं लक्ष जायचं. "आत्या, तू वरूनच का नाही बोलावत? सगळ्यांच्या मम्मी बोलावतात. तुझा व्हॉल्यूम एकदम कम आहे यार."

मिनू दिल्लीचीच. तिला दोडका कळायचा नाही, तोरी कळायची. तिला कोपरा नाही, कोना. मी तिला एक मराठी शब्द द्यायची आणि ती मला कॉम्प्युटरमधलं काहीतरी दाखवायची, असा आमचा दुपारचा व्यवहार होता. कॉम्प्युटर दादाने कर्ज काढून, सुटे भाग जोडून आणवला होता आणि तो घरात पाहुण्यासारखा राहायचा. त्याला बाल्कनीलगतची खोली, त्याला वहिनींनी शिवलेलं झालरीचं कापड, त्याच्या डोक्यावर पितळेचा छोटा बुद्ध. त्या खोलीत चपला नाहीत, चहा नाही, ओले हात नाहीत. घरात कूलर एकच होता, तोही उन्हाळ्यात त्याच्याकडे तोंड करून. वहिनी म्हणायच्या, "बाळंतिणीची एवढी काळजी केली नाही तुमच्या दादाने."

आई आली ती थंडीत. मिनूने माइक पुढे केला. काळा, लांबट, दोडक्यासारखाच. "आजी, यात बोल ना काहीतरी, रेकॉर्ड होतं." आईने तो उलटासुलटा करून पाहिला. "याले काय सांगू? याले कान हायेत का?" मिनूने खूप विनवलं, पण आईने तोंड म्हणून उघडलं नाही. ज्या बाईला गप्प राहणं ठाऊक नव्हतं ती त्या दोडक्यासमोर माझ्यासारखी झाली. मिनू कंटाळून माइक तसाच चालू ठेवून बसली. मी तेव्हा खाली मेथी घ्यायला गेले होते आणि ठेल्यापाशी माझी पाळीच येत नव्हती, कारण मी "मला द्या" म्हणत नव्हते. इकडे आईच्या भाकरी झाल्या. ती बाल्कनीत आली आणि शेताच्या बांधावर उभी असल्यासारखी तिने हाक मारली. ठेलेवाल्याच्या हातातून तराजू सुटला. सगळी सोसायटी वर बघायला लागली. मी मेथी न घेताच पळत वर आले, तर मिनू खुर्चीवर नाचत होती, "आलं! आलं! आजी आत आली!"

तीच हाक मिनूने कॉम्प्युटरच्या सुरुवातीला लावून दिली. आई गावाला परत गेली आणि हाक इथे राहिली. गावात तेव्हा फोन नव्हता, पत्र यायचं ते शाळेच्या मास्तरांच्या अक्षरात आणि मास्तरांच्या भाषेत, "येथील सर्व कुशल आहे." त्यात आई कुठेच नसायची. ती कॉम्प्युटरमध्ये होती.

दादाला सुरुवातीला लाज वाटायची. तो ऑफिसात इंग्रजी बोलायचा, घरात शुद्ध बोलायचा, आणि "होऊन रायली" हे त्याने आर. के. पुरमच्याही आधीच मागे सोडलं होतं. एकदा त्याचे मोठे साहेब चहाला आले. दक्षिणेकडचे, अतिशय सभ्य गृहस्थ. दादाने मोठ्या ऐटीत कॉम्प्युटर दाखवायला घेतला आणि आवाज कमी करायचा विसरला. आईने साहेबांना भाकर थंडी होत असल्याचं सांगितलं. साहेब दचकून म्हणाले, "ये कौन हैं?" दादाचे कान लाल झाले. "सर… माताजी हैं." साहेब पटकन उठून उभे राहिले, बशी खाली ठेवली आणि मॉनिटरला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मी दाराआड होते. मला हसू आवरेना आणि आवाजही काढता येईना, पोट दुखायला लागलं. खालच्या मजल्यावरच्या सूद आंटींना तर ती हाक पाठ झाली होती. अर्थ कळत नव्हता, पण जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "सुन ली तेरी मम्मी की आवाज़. अब मेरी दाल चढ़ाने का टाइम हो गया."

त्या दिवसांत दर थोड्या दिवसांनी काहीतरी नवं यायचं. नवी चॅनलं, नव्या मोटारी, नवी बिस्किटं. जुनं असणं म्हणजे जणू अंगावर मळ असल्यासारखं झालं होतं. तशी एक दिवस मिनू शाळेतून बातमी घेऊन आली, कॉम्प्युटरचीही नवी सिस्टम आली. "पप्पा, सगळ्यांच्या घरी आली. आपलीच जुनी आहे. मला इंसल्ट वाटतं." मला वाटलं नवा कॉम्प्युटर आणायचा. पण तसं नव्हतं. डबा तोच राहणार, त्याच्या आतली समज बदलणार. मला ते जरा चमत्कारिक वाटलं. माणूस तोच आणि डोकं नवं. दादाने दोन दिवस विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "अच्छा, चलो. पुढे जायचं तर नवं घ्यावंच लागतं."

हे काम दादाच्या ऑफिसातल्या मिश्राजींकडे आलं. ते तिथे कॉम्प्युटरच्या विभागात होते आणि स्वभावाने असे की कुणाचं काहीही दुरुस्त करायला रविवारचे हजर. ते आधी एकदा येऊन पाहून गेले. चष्मा वर करून म्हणाले, "ऊपर-ऊपर से डालेंगे तो पुराना कचरा भी साथ आएगा, वानखेडे जी. पूरा साफ करके डालेंगे. नए मकान में पुरानी सीलन क्यों ले जानी?" जुन्या भिंतीची ओल म्हणे नव्या घरात कशाला न्यायची. त्या दिवशी जेवताना दादाने जाहीर केलं, "कोणाचं काय ठेवायचंय ते आधीच फ्लॉपीवर काढून घ्या. रविवारी सगळं पुसलं जाणार आहे."

घास माझ्या हातातच राहिला. वहिनी म्हणाल्या त्यांना काही ठेवायचं नाही, मिनूला तिच्या खेळातले मार्क ठेवायचे होते, दादाने त्याचे कागद काढून घेतलेच होते. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही नव्हतं, माझं त्यात काय असणार. मी वाक्य तयार केलं, "दादा, आईचा आवाज." तीनच शब्द. तोवर दादाने ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी मिनू शाळेतून आली तशी मी तिला धरलं. ती म्हणाली, "टेन्शन मत ले आत्या, आत्ता करते." पडद्यावर आईच्या हाकेचं एक चित्र होतं, छोट्या भोंग्याचं. कॉम्प्युटर बंद न करताही हाक ऐकता यावी म्हणून मिनूने माझ्यासाठीच ते तिथे ठेवलं होतं. त्यावर दोनदा टिचकी मारली की आई बोलायची. मिनूने तो भोंगा धरला, ओढत ओढत नेला आणि फ्लॉपीच्या चित्रात सोडला. फ्लॉपी कुरकुरली. मग मिनूने फ्लॉपी उघडून दाखवली, तर भोंगा आत बसलेला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. चाचणी म्हणून तिने त्यावर टिचकी मारली, आई ओरडली. झालं. आम्ही ती फ्लॉपी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात तळाशी पुरून ठेवली. आमच्याकडे मोलाचं सगळं तांदळात असायचं. वहिनींचे कानातले तिथेच, फ्लॅटची दुसरी किल्ली तिथेच. आता आईही तिथे.

रविवार उजाडला तो लग्नघरासारखा. मधेच लाइट गेली तर मशीन कायमचं मुकं होईल असं मिश्राजींनी सांगितलं होतं, त्यामुळे दादाने सकाळपासून इस्त्री, मिक्सर आणि गीझरवर बंदी घातली होती. एवढ्यावर त्याचं समाधान होईना. जिन्यातल्या सगळ्या घरांचा फ्यूज एकच होता आणि कुणी एकाने जास्त भार टाकला की सगळ्यांची लाइट जायची. म्हणून तो प्रत्येक दारात जाऊन सांगून आला. सूद आंटींनी थंडीत गार पाण्याने अंघोळ केली आणि वर येऊन ऐकवलं, "वानखेडे साहब, जो काम मेरी सास नहीं करवा सकी, वो आपके कम्प्यूटर ने करवा दिया." मी आदल्या दिवशीच पाट्यावर मसाला वाटून ठेवला होता, कारण मिश्राजींना पाटवडीचा रस्सा हवा होता. ते आले स्कूटरवरून, सीडी रुमालात गुंडाळून छातीशी धरून, जशी कुणी अस्थी आणावी तशी. कोण हसलं मला आठवत नाही, बहुधा वहिनी.

मग त्यांनी पुसलं. पुसताना काही आवाज झाला नाही, हे मला विचित्र वाटलं. एवढं सगळं जातं आणि नुसता एक आकडा वाढत राहतो. मग सीडी आत गेली आणि पडद्यावर एक निळी पट्टी भरायला लागली. शेजारी किती मिनिटं उरली ते लिहून यायचं, पण ती मिनिटं आपल्या घड्याळातली नव्हती. वीस म्हणायची, मग पंचेचाळीस म्हणायची, मग सात. वहिनी म्हणाल्या, "हे तर तुमच्या दादासारखं आहे, पाच मिनिटांत येतो म्हणतात." मिश्राजी रस्सा भुरकत होते, एक डोळा पट्टीवर. दादाने तर जेवण उभ्यानेच केलं. मी वड्या वाढत होते आणि प्रत्येक फेरीला दारातून पट्टी बघत होते. मनात भीती नव्हती. तांदळात हात घालून मी सकाळीच पाहून आले होते.

पट्टी भरली. पडदा काळा झाला. मग नवं चित्र आलं, रंग जास्त चकचकीत, आणि एक सूर वाजला. छान होता, खोटं कशाला सांगू. काचेच्या बांगड्या हलक्या हाताने ओट्यावर ठेवाव्यात तसा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सूद आंटीही खालून वर आल्या होत्या, त्यांनी विचारलं, "और मम्मी?" मिनू म्हणाली, "रुको आंटी, मम्मी चावल में है," आणि पळाली.

तिने फ्लॉपी घातली. भोंगा दिसला. तिने टिचकी मारली. आई बोलली नाही. एक पांढरी चौकट आली, त्यात इंग्रजीत काहीतरी होतं. पुन्हा टिचकी, पुन्हा चौकट. मिश्राजी ताट घेऊन तसेच जवळ आले, वाचलं, आणि त्यांनी ताट खाली ठेवलं. "बिटिया… ये तो सिर्फ़ निशान है. आवाज़ तो मशीन के अंदर दूसरी जगह थी, ये उसका रास्ता बताता था." मिनूला कळेना. ते हळूच म्हणाले, "घर का पता लिखके रख लिया, बेटा. और घर हमने गिरा दिया." मग आमच्याकडे वळून, "मुझे पूछना चाहिए था. मैंने पूछा ही नहीं." मला त्यांच्याबद्दलच वाईट वाटलं. त्यांच्या मिशीला रस्सा लागलेला होता आणि पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

मिनूने भोकाड पसरलं. वहिनी तिला घेऊन आत गेल्या. दादा म्हणाला, "असू दे, होतं असं, पुढच्या थंडीत आई आली की परत घेऊ," आणि आपली स्कूटर नीट लावली आहे का ते बघायला बाल्कनीत गेला. बराच वेळ तिथे उभा होता. स्कूटर आमची बिल्डिंगच्या मागच्या बाजूला लागायची.

आता माझ्या हातात मोबाइल आहे आणि तो आपला आपणच नवा होतो. सकाळी उठावं तर चित्रं बदललेली, बटणं हललेली, वर विचारतो, काय नवीन आहे ते बघायचं का? नाही बघायचं बाबा. ना कुणी अंघोळ गार पाण्याने केली, ना कुणासाठी पाटवडी झाली. मी हे मिनूला बोलून दाखवलं तर ती म्हणते, "आत्या, बिल्कुल, पण तेव्हा आपण काय घालवून बसलो होतो ते विसरू नकोस." मी विसरलेले नाही.

त्या रविवारनंतर घरात तो काचेच्या बांगड्यांचा सूर वाजायला लागला. मी स्वयंपाकघरातून "आली" म्हणेनाशी झाले. मला त्रास एवढाच व्हायचा की संध्याकाळ कधी झाली ते कळायचं नाही. मिनूचं मात्र वेगळंच सुरू झालं. ज्या नव्या सिस्टमसाठी तिने घर डोक्यावर घेतलं होतं तिला ती हात लावेना. शाळेतून आली की दप्तर टाकून खाली. काळोख पडला तरी बागेत एकटी झोपाळ्यावर. मी जाऊन उभी राहिले तरी माझ्याकडे बघायची नाही, मुकाट्याने जिना चढायची. एकदा जिन्यात म्हणाली, "मी आजीला डिलीट केलं." मी तिला जवळ घेतलं. सांगायचं होतं की अगं, आजी आहे, ती तिकडे भाकरी थापते आहे, पुसलं गेलं ते दुसरंच काहीतरी. पण वाक्य लांब होतं. पोर तशीच वर गेली.

अशाच एका संध्याकाळी मी आईने पाठवलेल्या पिठाच्या शेवटच्या भाकरी करत होते. तव्यावर एक, हातावर एक. दिल्लीत ज्वारी मिळायची पण तिला ती चव नाही, म्हणून हे पीठ मी पुरवून पुरवून वापरलेलं. बाहेर सगळ्या आयांच्या हाका सुरू झाल्या, चिंटू गेला, गोलू गेला. खिडकीतून खाली बघितलं तर बागेत फक्त मिनू. खाली जावं तर तव्यावरची जळणार, गॅस बंद करावा तर हातावरची चिरणार. मी हातावरची तशीच घेऊन बाल्कनीत आले. मला आठवतं ते एवढंच की मी काही ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि, "मिने वंऽऽ! कुठी गेली वं? ये ना लवकर, भाकर थंडी होऊन रायली!"

तो आवाज समोरच्या बिल्डिंगवर आपटून परत आला. समोरच्या गच्चीवर कपडे काढणारी बाई थांबली. खाली सूद आंटी बाहेर आल्या. मी मागे सरून भिंतीला चिकटले आणि जिन्यात धाडधाड पावलं वाजली. मिनू आत आली ती ओरडतच. "आत्या! बिल्कुल आजी! सेम टू सेम! परत बोल, परत!" भाकर जळल्याचा वास आला. ती जळली तर जळू दे, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मिनूने माइक काढला, कॉम्प्युटर लावला, मला पुढे बसवलं. आणि मी मुकी. घसा साफ केला, पाणी प्याले, पण तो दोडका समोर आला की आवाज कुठे जायचा कोण जाणे. वहिनी ऑफिसातून आल्या, त्यांनी हा प्रकार पाहिला आणि पर्ससकट खुर्चीत बसल्या. "अगं, आई तरी कुठे बोलल्या होत्या त्याच्यासमोर?" हे खरं होतं. मग मिनूने युक्ती केली. दुसऱ्या दिवशी तिने टेबल बाल्कनीच्या दारापर्यंत ओढलं, माइक चालू केला आणि खाली पळाली. झोपाळ्यापाशी जाऊन तिने वर हात केला. आम्ही ठरवलं होतं, ती दिसली की मी हाक मारायची. पण निघता निघता तिने अट घातली होती, "माझं नाव नको. जसं होतं तसंच हवं."

म्हणजे मला माझंच नाव घ्यायचं होतं. भर संध्याकाळी, सगळ्या सोसायटीच्या देखत, स्वतःलाच घरी बोलवायचं. खाली मिनू हात हलवत होती. सूद आंटी मुद्दाम खुर्ची टाकून बसल्या होत्या, मिनूने त्यांना आमंत्रणच दिलं असणार. मी कठडा धरला. आई कशी उभी राहते ते आठवलं. पाय फाकून, एक हात कमरेवर, हनुवटी वर. तशी उभी राहिले. "मंदे वंऽऽ!" म्हटलं आणि थांबावंसं वाटलं, कारण ते नाव इतक्या मोठ्याने मी कधी घेतलंच नव्हतं. पण भाकर थंडी होत होती, पुढचं म्हणणं भाग होतं. सगळं म्हटलं. खालून सूद आंटी ओरडल्या, "पर मंदा तो तू है! खुद को ही बुला रही है?" आणि माझ्या तोंडून, काही तयारी न करता, उत्तर गेलं, "हाँ आंटी! कोई और बुलाता नहीं ना!" त्या इतक्या हसल्या की त्यांची खुर्ची कलली. माझं ते उत्तरही रेकॉर्ड झालं होतं, मिनूने नंतर कापून टाकलं. या वेळी तिने फ्लॉपीवर खरा आवाज ठेवला, दोन फ्लॉप्यांवर, आणि मिश्राजींना फोन करून तीनदा विचारून घेतलं.

त्या संध्याकाळी दादाला आम्ही काही सांगितलं नाही. त्याने कपडे बदलले, कॉम्प्युटर लावला, आणि घरघरीनंतर हाक आली. मी दारात होते. त्याने कॉम्प्युटर बंद केला आणि परत सुरू केला, उगाच. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मंदे, भाकर हाये का वं?" दिल्लीत त्याच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्या थंडीत आई आली. सोबत पीठ, ठेचा, वड्या. बाल्कनीत उन्हात बसून ती मटार सोलत होती आणि मी तिच्या शेजारी. आत मिनूने कॉम्प्युटर लावला. "मंदे वंऽऽ! कुठी गेली वं? ये ना लवकर, भाकर थंडी होऊन रायली!" आईचा हात थांबला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मी तर समोरच बसलेली. मग खोलीकडे मान वळवली.

"कोन व्हय वं हे? एवढ्या जोरानं कोन वरडून रायलं?"

"तूच तर," मिनू आतून म्हणाली. तिला गंमत करायची होती.

"मी नोहो," आई म्हणाली. "माहा आवाज मले कळत नाही का?" आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी शेंगांत डोकं घातलं.

"मी व्हय, माय," मी म्हणाले.

आईने पुढची शेंग उचलली, अंगठ्याने फोडली, दाणे ताटात सोडले.

"निघाला मंग बाहेर," ती म्हणाली.